आधी आगवाला शोध

डीएमबाई,

भूमिका घेऊन, फासे टाकत खेळायच्या गोष्टीच्या खेळात गोष्ट चालवणारी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, तू. तुझ्या मोहिमेची सतरा पानं काल रात्री वाचली. उडती जहाजं, पितळी हत्ती, घड्याळं बनवणाऱ्या बुटक्यांची पाच घराणी. आणि शेवटी तो रडका प्रश्न: मांत्रिक चुटकीसरशी कुठंही पोचतो, मग या जगात वाफेची रेल्वे हवी कुणाला?

अगं, खेळ तिथंच तर आहे! मांत्रिक अख्ख्या राज्यात दहा. बाकीच्यांनी वाट तुडवायची? बॉयलरला मंत्र लागत नाही. कोळसा, पाणी आणि बेलचा मारणारा माणूस लागतो. तो माणूस सतरा पानांत कुठंच नाही. आधी आगवाला शोध. त्याला पगार कोण देतं, तो कुणावर खार खाऊन आहे, एवढं ठरलं की शहर आपोआप उभं राहतं.

तुझे चोर इंजिनात उडी मारतात आणि लगेच पसार. कसे? थंड बॉयलर तापायला तास न् तास जातात. बसू देत त्यांना पहारेकऱ्यांची गस्त मोजत. बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी उतरताना दिसू दे. भट्टीच्या माथ्यात शिसं भरलेलं एक बूच असतं. पाणी त्याच्या खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ थेट आगीवर येते. पाणी एवढं खाली जाऊ कुणी दिलं? आगवाल्यानं. मुद्दाम? ते मला नको सांगूस, प्लेअरना शोधू दे.

जागा हवी तर बोरघाट उचल. 1863 साली तिथून गाड्या सुरू झाल्या तेव्हा सगळ्यात खडा चढ होता 37 फुटांना एक फूट, आणि वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी थांबवायची, इंजिन एका टोकाचं सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं, मग पुढं. पाठलाग करणाऱ्यांना आणखी काय हवं! तुझ्या तरंगत्या किल्ल्यापेक्षा हे कधीही बरं. (किल्ला ठेव हवा तर. पण त्याचा कोळसा वर कोण नेतं?)

माझ्या पहिल्या मोहिमेची तर चाळीस पानं होती. एक मित्र विचारायचा, "भट्टीपाशी कोण आहे? मला त्याच्याशी बोलायचंय." मी म्हणायचो, "कुणी नाही रे, पुढं चल." दोनदा उडवून लावलं. तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही. त्याचं कॅरेक्टर शीट, म्हणजे त्याच्या पात्राची माहिती लिहिलेला कागद, अजून माझ्या फाशांच्या डब्यात आहे, चार घड्या घातलेलं. वंश बुटका, धंदा लोहार. लोहार भट्टीकडंच जाणार ना!

आता म्हणतात, मी कोळशाचा हिशेब घालून खेळ रेंगाळवतो. मागच्या वर्षी दोघं उठून गेले. जाऊ देत. जे उरले ते रात्री दोनपर्यंत एका फुटक्या नळीवरून भांडत होते, आणि मी फासा एकदाही टाकायला लावला नव्हता.

तर शनिवारपर्यंत सोळा पानं बाजूला ठेव. उरलेल्या एका पानावर आगवाल्याचं नाव, त्याच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग, आणि त्या रात्री तो कामावर का आला नाही, एवढंच लिहून पाठव. हत्ती छान आहे, खरंच. फक्त त्याच्या पोटात बेलचा घेऊन कोण बसलंय गं?