आजीला किट मिळालं नाही तेव्हा

मदतकार्य करून आलेली मुलं माझ्याकडे समुपदेशनाला आली की फिरून फिरून एकच विचारतात, मॅडम, माझं चुकलं का? घरचे म्हणतात अरे एवढं केलंस, कशाला मनाला लावून घेतोस, आणि तिथेच पोरगं गप्प होतं. त्यातल्या एकाची गोष्ट, त्याला विचारून, ओळख पटणार नाही अशी लिहितेय.

२३ जुलै २०२१. गोव्यात म्हादई नदी चढली, सत्तरी तालुक्यात घरात पाणी शिरलं, मातीच्या भिंती बसल्या, १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं. हा मित्रांबरोबर टेम्पो घेऊन गेला. मदतीची किट ४०, वाड्यावर घरं ६० च्या वर. शेवटचं किट हातात होतं तेव्हा एका बाजूला तान्हं बाळ असलेलं घर आणि दुसऱ्या बाजूला एकटी आजी, पायरीवर बसून पदराने टोपातला गाळ पुसत होती. त्याने बाळाच्या घरी दिलं. महिना झाला तरी ताट समोर आलं की त्याला तो टोप दिसायचा आणि घास उतरायचा नाही.

तिसऱ्या भेटीत खरं बाहेर आलं. त्याच वाड्यावर त्याच्या मामाचं घर, पाणी अंगणापर्यंतच आलेलं, तरी याने सुरवातीलाच दोन किट तिथे उतरवली होती.

मी त्याला म्हटलं, ४० किटमध्ये ६० घरं बसत नाहीत, कोणीतरी राहणारच होतं, ते ओझं तुझं नाही, आणि बाळाला आधी दिलंस ते मला बरोबरच वाटतं. पण मामाची दोन किट तुझी. तिथे मी 'जाऊ दे रे' म्हटलं नाही, कारण ते त्यालाही पटलं नसतं. तो खूप रडला, आणि त्या रात्री म्हणे पोटभर जेवला.

गणेश चवथीच्या आधी तो आजीकडे गेला, सगळं सांगितलं. आजी म्हणाली, "किट नाय मिळालं त्याचं काय नाय रे बाबा, तू माझ्याकडे बघून मान फिरवलीस ते लागलं."

हे वाक्य मी आता प्रत्येक स्वयंसेवकाला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या असं आहे, आणि त्यातल्या एकालाही किट लागत नाही. संपलं तर तोंडावर सांगा संपलं म्हणून, नाव लिहून घ्या, पंचायतीत कळवा, आणि नातेवाईकांचं घर आलं की यादी दुसऱ्याच्या हातात द्या. परत आल्यावर झोप, जेवण काही आठवडे बिघडलेलंच राहिलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

आजीने त्याला तसा सोडला नाही. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला घरात कोणी नव्हतं, याला स्टुलावर चढवलं.