आधी आर-एस लावा, मग नाते सांगा

रसायनशास्त्रात रेणूंच्या दोन आकृत्या दिल्या आहेत, त्यांचे एकमेकींशी नाते काय, हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो आहे. कोणी बारावीतून विचारतो, कोणी एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेतून, पण गोंधळ तोच. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : २-ब्यूटीनच्या सिस आणि ट्रान्स रूपांना डायस्टिरिओमर म्हणायचे का? क्लासमध्ये 'भौमितिक समघटक वेगळे, डायस्टिरिओमर वेगळे' असे सांगितले आहे.

हो, ते डायस्टिरिओमरच आहेत. अणूंची जोडणी एकच पण अवकाशातली मांडणी वेगळी, ते स्टिरिओआयसोमर. त्यांतले जे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा नसतात ते सगळे डायस्टिरिओमर; त्यासाठी कायरल केंद्र (चार वेगळे गट जोडलेला कार्बन) असावेच लागते असे नाही.

प्रश्न : ब्यूटेनची अँटी आणि गॉश रूपे कशात मोडतात?

ते कॉन्फॉर्मर. एकेरी बंध फिरला की एकाचे दुसरे होते. खोलीच्या तापमानाला ते वेगळे काढता येत नाहीत.

प्रश्न : आर म्हणजे उजवीकडे वळवणारा, म्हणून (+), आणि एस म्हणजे (−), हे बरोबर आहे ना? आमच्या नोट्समध्ये तसेच आहे.

नाही. ती ओळ आजच खोडा. आर-एस म्हणजे केंद्राभोवतीच्या गटांची मांडणी; ती कान, इंगोल्ड आणि प्रेलॉग यांच्या नियमांनी कागदावर ठरते. (+) किंवा (−) म्हणजे ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळतो की डावीकडे; ते पोलारिमीटरवर मोजावे लागते. लॅक्टिक आम्लाचे उदाहरण घ्या. स्नायूंत तयार होते ते एस आणि (+). त्याचे सोडियम मीठ करा. कायरल कार्बनचा एकही बंध तुटलेला नाही, रेणू अजून एसच आहे, पण मीठ (−) निघते. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाच्या बाटलीवर एल-(+) लिहिलेले असते आणि त्याची रचना आहे २आर,३आर. एकाच रेणूवर तीन पद्धतींची तीन लेबले, आणि एकावरून दुसरे काढता येत नाही. चिन्हावरून एवढेच कळते की एक एनॅन्शिओमर (आरशातील प्रतिमांच्या जोडीतला एक) (+) असेल तर त्याच परिस्थितीत दुसरा तितकाच (−) असतो. नोट्स कोणाच्याही असोत, एकदा पाठ्यपुस्तकाशी आणि शिक्षकांशी पडताळून घ्या.

प्रश्न : टार्टारिक आम्लाच्या दोन आकृत्या होत्या. पहिली फिशर (उभ्या-आडव्या रेषांची), तिच्यात दोन्ही हायड्रॉक्सिल (OH) उजवीकडे. दुसरी नागमोडी साखळीची. तिच्यात डावीकडच्या, वर टोक असलेल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल भरीव पाचरीवर (पुढे) आणि उजवीकडच्या, खाली टोक असलेल्या कार्बनवरचा तुटक पाचरीवर (मागे). 'एकीत दोन्ही एका बाजूला, दुसरीत विरुद्ध बाजूंना, म्हणून डायस्टिरिओमर' असे मी लिहिले. गुण का गेले?

कारण तुम्ही रेणू पाहिला नाही, चित्र पाहिले. उत्तर आहे: एकच संयुग, मेसो टार्टारिक आम्ल. मेसो म्हणजे कायरल केंद्रे असूनही स्वतःच्या आरशातील प्रतिमेशी तंतोतंत जुळणारा रेणू. ही सवय मोडल्याशिवाय या विषयात पुढे जाता येणार नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

फिशर आकृतीत साखळी घडी घातलेली असते आणि दोन्ही टोके मागे वळलेली असतात. नागमोडी आकृतीत तीच साखळी मधला बंध फिरवून ताणलेली असते. त्यामुळे फिशरमध्ये शेजारच्या दोन कार्बनांवर एका बाजूला दिसणारे गट नागमोडीत एक पुढे, एक मागे येतात. दोन वेगळ्या पद्धतींच्या आकृत्या नुसत्या नजरेने ताडून पाहता येत नाहीत. क्रम असा ठेवा.

सर्वांत आधी अणूंची जोडणी एकच आहे का ते पाहा. नसेल तर ते रचनात्मक समघटक आहेत आणि प्रश्न तिथेच संपला. जोडणी एकच असेल तर प्रत्येक कायरल केंद्राला, दोन्ही आकृत्यांत, आर की एस ते लावा. एकही केंद्र 'दिसतेच आहे' म्हणून सोडू नका.

फिशरमधला दुसरा कार्बन घ्या. केंद्राला थेट जोडलेल्या अणूंत ऑक्सिजनचा अणुक्रमांक सर्वांत मोठा, म्हणून हायड्रॉक्सिल पहिला. मग दोन कार्बनांत निवड करायची. कार्बॉक्सिलच्या (COOH) कार्बनवर ऑक्सिजन-ऑक्सिजन-ऑक्सिजन मोजायचे, कारण दुहेरी बंधातला ऑक्सिजन दोनदा धरतात. तिसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन-कार्बन-हायड्रोजन. म्हणून कार्बॉक्सिल दुसरा, तिसरा कार्बन तिसरा, हायड्रोजन शेवटी. उजवीकडून वर, वरून खाली असे फिरलात की घड्याळाच्या काट्यांच्या उलट जाता, म्हणजे एस. पण फिशरमध्ये आडव्या रेषा तुमच्याकडे आलेल्या असतात आणि हायड्रोजन आडव्या रेषेवर आहे, म्हणून उत्तर उलटे करा: आर. तिसऱ्या कार्बनवर याच रीतीने एस येतो. बहुतेकांची चूक ही उलटापालट विसरण्यातच होते.

आता नागमोडी आकृतीला डावीकडून क्रमांक द्या. तिथे येते २एस,३आर. दोन्ही केंद्रे उलटी दिसली म्हणून 'एनॅन्शिओमर' लिहून मोकळे झालात तर ती दुसरी चूक. रेणूची दोन्ही टोके सारखी आहेत. उजवीकडून मोजले की तेच २आर,३एस होते. म्हणजे तोच रेणू.

निर्णय असा करायचा: सगळी केंद्रे सारखी तर एकच संयुग; सगळी उलटी तर एनॅन्शिओमर, पण मेसो नाही हे तपासूनच; काही सारखी, काही उलटी तर डायस्टिरिओमर. दुहेरी बंध किंवा वलय असेल तर तिथली मांडणीही मोजा.

फिशर आकृती कागदावरच १८०° फिरवलेली चालते. ९०° फिरवली किंवा उचलून पालथी केली तर चालत नाही, कारण मग पुढे आलेले बंध मागे जातात. एका केंद्रावरच्या दोन गटांची एकदा अदलाबदल केली की ते केंद्र उलटते, दोनदा केली की पूर्ववत होते. मॉडेल किट नसेल तर बटाट्याचे दोन तुकडे, टूथपिक आणि चार रंगांची कणीक पुरते. तरीही अडले, तर दोन्ही मॉडेल घेऊन शिक्षकांपुढे बसा. तोंडी वर्णनाने हा गोंधळ सुटत नाही.

प्रश्न : स्टिरिओआयसोमर किती, याला दोनचा एनवा घात हे सूत्र पुरेसे आहे का?

नाही, एन म्हणजे कायरल केंद्रांची संख्या, आणि सूत्र फक्त कमाल संख्या देते. २-ब्रोमो-३-क्लोरोब्यूटेनला चार मिळतात, २,३-डायब्रोमोब्यूटेनला तीनच, कारण त्यात एक मेसो आहे. सूत्र वापरण्याआधी रेणूची दोन टोके सारखी आहेत का ते पाहा.

प्रश्न : अल्फा आणि बीटा ग्लुकोज एनॅन्शिओमर आहेत ना?

नाहीत. फरक फक्त पहिल्या कार्बनवर आहे, म्हणून डायस्टिरिओमर. त्यांचे खास नाव अॅनोमर. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज चौथ्या कार्बनवर वेगळे, तेही डायस्टिरिओमर.

प्रश्न : एनॅन्शिओमरचे सगळे गुणधर्म सारखे असतात, तर कार्व्होनचे दोन वास का?

'सगळे' हा शब्द चुकला. उत्कलनबिंदू, विद्राव्यता असे गुणधर्म सारखे असतात. समोरची वस्तू स्वतः कायरल असली की वागणूक बदलते. नाकातले रिसेप्टर कायरल आहेत. म्हणून आर-(−)-कार्व्होनला स्पिअरमिंटचा वास येतो आणि एस-(+)-कार्व्होनला शहाजिऱ्याचा. बाळंतशोपेतही हाच एस-(+) असतो.

प्रश्न : डॉक्टरांनी सेटिरिझिन १० मिलिग्रॅम लिहिले होते. औषधांच्या दुकानात लिव्होसेटिरिझिन ५ दिले आणि 'हे शुद्ध रूप आहे, तेवढाच डोस होण्यासाठी दोन घ्या' असे सांगितले. घ्यावे का?

नको. सेटिरिझिनमध्ये दोन्ही एनॅन्शिओमर निम्मे-निम्मे असतात आणि लिव्होसेटिरिझिन हा त्यातला फक्त आर. म्हणजे १० मिलिग्रॅममध्ये तो ५ मिलिग्रॅमच असतो. दोन गोळ्या घेतल्या तर डोस दुप्पट होतो आणि गुंगी वाढू शकते. 'शुद्ध' या शब्दाने लोकांची दिशाभूल होते याची मला चीड आहे: सेटिरिझिन भेसळीचे नसते, तेही शुद्धच असते. एका एनॅन्शिओमरची गोळी म्हणजे आपोआप अधिक चांगली गोळी, असेही नाही.

याच संदर्भात, गर्भवतींनी घेतल्याने बाळांत व्यंगे आलेल्या थॅलिडोमाइड या औषधाची ऐकीव गोष्ट सांगितली जाते: एक रूप चांगले, एक वाईट, वेगळे केले असते तर अनर्थ टळला असता. पश्चिम जर्मनीत १९५७ साली विक्रीस आलेले हे औषध तिथे नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेतले गेले. त्याच्या कायरल कार्बनवरचा हायड्रोजन कार्बोनिलच्या शेजारी असल्याने सहज सुटतो, आणि शरीरात काही तासांतच एका रूपाचे दुसरे होते. वेगळे करून दिले असते तरी गर्भ सुरक्षित राहिला नसता.

गोळी बदलून मिळाली की लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका.

प्रश्न : एम.एस्सी. प्रकल्पातल्या पदार्थाचा एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) स्वच्छ आहे, शिखरांचा एकच संच दिसतो. म्हणजे एकच एनॅन्शिओमर आहे. कायरल एचपीएलसी (एनॅन्शिओमर कॉलमवर वेगळे करून मोजणारी चाचणी) प्रबंध लिहिताना केली तर चालेल?

चालणार नाही. साध्या विद्रावकात दोन्ही एनॅन्शिओमरचा एनएमआर हुबेहूब सारखा येतो. तुमच्या आलेखावरून फार तर डायस्टिरिओमर मिसळलेले नाहीत एवढेच म्हणता येईल. थांबण्यात खरा धोका वेगळा आहे: कार्बोनिलशेजारच्या केंद्राचे पडून राहिल्यावर रेसेमीकरण होऊ शकते, म्हणजे एका रूपाचे दोन्ही रूपांचे मिश्रण होते. मग तीन महिन्यांनी मोजलेला आकडा तुमच्या अभिक्रियेचा नसतो, बाटलीत काय झाले त्याचा असतो.

आधी रेसेमिक (दोन्ही एनॅन्शिओमर निम्मे-निम्मे असलेला) नमुना तयार करा आणि तो कायरल कॉलमवर सोडा. दोन शिखरे तळापर्यंत वेगळी झाली की मगच स्वतःचा नमुना सोडा. रेसेमिकशिवाय आलेले एकुलते शिखर काहीच सिद्ध करत नाही; कदाचित तो कॉलम दोघांना वेगळे करतच नसेल. प्रकाशीय वळण मोजाल तेव्हा विद्रावक, संहती, तापमान आणि ५८९ नॅनोमीटर ही तरंगलांबी सोबत लिहा.

हे या आठवड्यातच करा, पण नमुना सोडण्याआधी मार्गदर्शकांना आणि यंत्र सांभाळणाऱ्यांना विचारा की कॉलम लेप दिलेल्या पॉलिसॅकराइडचा आहे का. तसा असेल तर डायक्लोरोमिथेन, टीएचएफ किंवा इथिल अॅसिटेटमध्ये विरघळवलेला नमुना त्यावर सोडू नका. लेप निघून येतो आणि कॉलम वाया जातो.