चांदीच्या कोंदणात रोझ क्वार्ट्झ राखाडी दिसतो. खाली काय ठेवावं?

हातात गुलाबी असलेला खडा बंद पाठीच्या पेंडंटमध्ये बसवला की राखाडी का पडतो, असं तुम्ही विचारलंय. मला हे गिऱ्हाइकाला अंगठी दिल्यावर कळलं होतं, त्यामुळे तुम्ही नशीबवान.

खडा हातात असताना त्यात चहूबाजूंनी उजेड शिरतो. कोंदणात मागची वाट बंद होते, मग जो उजेड परत येतो तो तळाच्या पत्र्यावरून. तळ जसा, तसा खडा. त्यात ९२५ चांदीत, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या धातूत, तांबं असतं. झाळताना, म्हणजे तापवून सांधे जोडताना, ते काळवंडतं आणि आम्लात टाकूनही करडे डाग उरतात. फिक्या खड्यातून ते सरळ दिसतात.

आधी खडा पांढऱ्या कागदावर, काळ्या कागदावर, चॉकलेटच्या चांदीवर आणि स्वतःच्या बोटावर ठेवून खिडकीपाशी बघा. रोझ क्वार्ट्झ बहुतेक वेळा बोटावरच खुलतो. तसं असेल तर खाली काही ठेवूच नका, पाठ उघडी करा. खडा टेकायला कडेने दीड-दोन मिलिमीटर पत्रा सोडून मधला भाग करवतीने कापायचा. माझी पहिली पसंती हीच. मूनस्टोनचं उलट आहे, त्याची निळी झाक काळ्या तळावर उठून दिसते, म्हणून तिथे मी तळ मुद्दाम ऑक्सिडाइज करते.

पाठ बंदच हवी असेल तर डांक, म्हणजे खड्याखाली ठेवायचा चकचकीत पातळ पत्रा, लावा. कुंदनकामात तो असतोच, पण भोवती शुद्ध सोनं दाबून ते घर हवाबंद केलेलं असतं. आपल्या चांदीच्या बेझलमध्ये, म्हणजे खड्याभोवती दाबलेल्या पट्टीत, फट राहते. माझ्या त्या अंगठीत चांदीचाच पातळ पत्रा होता. भांडी घासताना पाणी आत गेलं आणि काही महिन्यांत तो काळा पडला. आता मी २४ कॅरेट सोन्याचा पातळ पत्रा वापरते. तो काळा पडत नाही, फक्त खड्याला किंचित ऊब देतो, गुलाबीला ती शोभते.

डांक झाळकाम संपल्यावरच ठेवा. त्याआधी आम्ल सोड्याच्या पाण्याने मारून दागिना पूर्ण वाळवा. आणि गोंदाचा थेंब अजिबात नको, आरपार खड्यातून तो ओल्या डागासारखा दिसतो.

तुमचा खडा आधीच बसवलेला आहे ना? मग बेझल उचकटायच्या आधी मागून छोटं भोक पाडून बघा. खडा क्वार्ट्झ आहे, ड्रिल आत घुसू देऊ नका.