मुलीला पियानो कसा बनतो ते दाखवायचंय, पण कारखाना बघायला जाणं शक्य नाही. काय करावं?

व्हिडिओ सगळ्यात शेवटी दाखवा. आधी एखाद्या जुन्या अपराइट, म्हणजे उभ्या पेटीच्या पियानोची पुढची फळी काढून मुलीला त्याच्यासमोर उभं करा. मी ट्यूनिंगचं काम करतो, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

एका शाळेत कामाला गेलो होतो. फळी काढली तशी मधल्या सुट्टीतली पोरं भोवती जमली. एकाला म्हटलं, पट्टी दाब, पण अगदी हळू, आणि आत तारेवर आपटणाऱ्या हातोडीवर नजर ठेव. हातोडी पुढे सरकली, तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर आली आणि सुटून मागे पडली. आवाज नाहीच. "मोडला का काका?" मोडला नव्हता. सगळी करामत तिथेच आहे. शेवटचं अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने कापते, म्हणून ती तारेवर दाबून बसत नाही आणि बोटाचा जोर आवाजात उतरतो. पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड या वाद्यामध्ये तार छेडली जायची, तिथे ही सोय नव्हती. इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरी या वाद्य बनवणाऱ्याने १७०० च्या सुमारास हे जमवलं. त्याचा १७२० चा पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

मग प्रश्न आला, जाड तारांवर तांबं का गुंडाळलंय? खर्जाची तार नुसत्या पोलादाची ठेवली तर ती फारच लांब लागेल. तांब्याने वजन वाढतं, आखूड तारेवर भागतं. मागचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी स्प्रूस लाकडाची फळी दाखवणार, तेवढ्यात संगीताच्या बाई आल्या. "मुलांना वाजवायला शिकवायचंय, सुतारकाम नाही. बंद करा."

बंद केला, पण ते म्हणणं मला आजही पटत नाही. तंबोऱ्याची जवारी कशी लावायची हे गुरुजी शिष्याला समोर बसवून दाखवतात. मग पियानोचंच एवढं सोवळं का? हातोडी सुटताना ज्याने पाहिली, त्याला "हलकं वाजव" म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र तारांना बोटं लावू देऊ नका, घामाने गंज चढतो. खुंट्यांना तर मुळीच नाही. सगळ्या तारांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो, उगाच नाही आत बिडाची चौकट असते. आणि ग्रँडची, म्हणजे आडव्या मोठ्या पियानोची यंत्रणा घरच्या घरी बाहेर काढू नका.

हे झालं की व्हिडिओ खुशाल लावा. स्टाइनवे या पियानो कंपनीच्या कारखान्यात मेपलचे पातळ थर चिकटवून ग्रँडची कड वाकवतात, ते नक्की दाखवा. घरी पियानो नसेल तर क्लासच्या बाईंना ट्यूनर कधी येणार ते विचारा आणि त्या दिवशी मुलीला लवकर न्या. बाई नको म्हणाल्या तर थेट ट्यूनरशी बोला. आमच्यातले बहुतेक जण आनंदाने दाखवतील.