ऑफिससाठी फोन सिस्टम घेताय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: भोसरीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे, ऑफिसात आठ जण, शॉपफ्लोअरवर तीसेक. डीलर म्हणतो ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन आपसात आणि बाहेरच्या लाईनला जोडणारं मशीन) घ्या, भाचा म्हणतो क्लाऊड (मशीनऐवजी इंटरनेटवरून चालणारी फोन सेवा). कोणाचं ऐकू?

उत्तर: आत्ताच कोणाचंच नको. आधी आठवडाभर रिसेप्शनला एक वही ठेवा आणि फोन कुठून आला, कोणाला जोडला, किती सुटले एवढंच लिहायला लावा. निम्मे फोन स्टोअर ते गेट, गेट ते ऑफिस असे आतल्या आतच असतील तर साधं ईपीएबीएक्स मशीन बरं, इंटरकॉमला पैसे पडत नाहीत आणि नेट गेलं तरी चालतं, फक्त पुढे जास्त फोन जोडायला कार्ड वाढवता येईल असं बघून घ्या नाहीतर पंधरा माणसं वाढली की अख्खं मशीनच बदलावं लागतं. सेल्सवाले दिवसभर बाहेरच हिंडत असतील तर मात्र टेबलावर फोन ठेवून उपयोग काय, क्लाऊडवर एक नंबर घ्या, कॉल त्यांच्या मोबाईलवर जातो आणि सुटलेला कॉल कोणाचा होता ते तुम्हाला दिसतं. पण तिथं भाडं बहुतेक वेळा माणशी दरमहा असतं, तेव्हा पंचवीस जणांचा रेट आजच लेखी मागा. आणि डेमोत ती ‘एक दाबा, दोन दाबा’वाली बाई फार गोड बोलते, त्याला भुलू नका 😄

प्रश्न: आमचा लँडलाईन नंबर बिलबुकावर, टेम्पोवर, सगळीकडे छापलाय. कंपनी बदलली तर नंबर राहील का?

उत्तर: नाही. मोबाईलसारखं पोर्टिंग लँडलाईनला आपल्याकडे नाहीये. जुनी लाईन तशीच ठेवा आणि नव्या मशीनला जोडा, किंवा कॉल फॉरवर्ड लावा (त्याचा चार्ज विचारून). लाईन फायबरवर गेली असेल तर मोडेमला यूपीएस हवाच, तांब्याच्या तारेत एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे म्हणून लाईट गेली तरी फोन वाजायचा, फायबरमधे तसं होत नाही.

प्रश्न: ईपीएबीएक्सवरून लँडलाईन लागते, मोबाईल लागत नाही. मशीन बिघडलंय का?

उत्तर: बहुतेक नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला आधी शून्य लावावा लागतो, आणि जुन्या मशीनवर एसटीडी लॉक म्हणजे शून्यच बंद केलेला असतो, म्हणजे मोबाईलपण बंद! इंजिनियरला सांगून तो लॉक काढा, आयएसडीचा (परदेशी कॉलचा) डबल शून्य तेवढा बंद राहू दे.

प्रश्न: आयपी फोन (नेटवरून चालणारे) घेतले, आवाज तुटतो. नेटचा प्लॅन वाढवू का?

उत्तर: थांबा. एका कॉलला १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत, दहा कॉल एकदम चालले तरी १ एमबीपीएसच्या आत. फोन वायफायवर असतील तर आधी केबलवर घ्या. मग बघा, सीसीटीव्हीचं फुटेज ऐन कामाच्या वेळेत क्लाऊडवर चढतंय का. तसं असेल तर ते रात्रीवर टाका आणि राऊटरमधे व्हॉईसला प्रायोरिटी लावून घ्या.