विड्या वळून मतदानाला कधी जायचं?

प्रश्न : मॅडम, मी विड्या वळते. आधी सोलापुरात अशोक चौकात भाड्यानं राहायचो, आता शहराबाहेर कुंभारीच्या विडी घरकुलात. नाव अजून जुन्याच यादीत आहे. गेल्या लोकसभेला गेले नाही. मतदान कमी झालं की लोक आम्हाला आळशी म्हणतात. माझं चुकलं का?
— एक वाचक, कुंभारी

उत्तर : ताई, आळशी हा शब्द मनातून काढा. मी शिक्षिका होते, सोलापुरात कितीतरी निवडणुकांना बोटाला शाई लावायला बसले. सकाळी सातला पेन्शनर यायचे. विडीवाल्या बाया पाचनंतर, कारखान्यात माल देऊन, धावतपळत. सहा वाजले की केंद्राध्यक्ष रांगेत चिठ्ठ्या वाटतात, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. त्या चिठ्ठ्या बहुतेक तुमच्यासारख्यांच्याच हातात दिसायच्या.

७ मे २०२४ला आपल्याकडे मतदान होतं. चाळिशीपार ऊन, शहरापर्यंत रिक्षाचं येण्याजाण्याचं भाडं आणि तेवढ्या वेळात न वळलेल्या विड्या. हा हिशेब घातला तर तुमचं मत शेजारणीपेक्षा महाग पडतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाला भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवाल्यांनाही. पण नगावर मजुरी घेऊन घरी वळणाऱ्या बाईची सुट्टी धरणार कोण? याची मला मनापासून चीड येते.

१९६२च्या लोकसभेला देशात ६३ टक्के पुरुषांनी मत दिलं, बायकांनी ४७ टक्क्यांहूनही कमी. २०२४ला बायका पुरुषांच्या किंचित पुढेच गेल्या. त्यामुळे बायकांना मतदानाचं काही पडलेलं नसतं, हे मला कुणी सांगू नये.

चुकलं म्हणाल तर एवढंच, की नाव हलवलं नाही. त्यासाठी फॉर्म ८ भरायचा. नव्या पत्त्याचा एक पुरावा, लाइटबिल किंवा आधार, जोडून तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्या आणि पोच मागून घ्या. बीएलओ कोण ते १९५० या नंबरवर विचारा. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका, तेव्हा गर्दी होते. दुपारी दारात सूप घेऊन चौघीजणी बसता ना, तेव्हाच विचारा कुणाकुणाचं नाव अजून जुन्या पत्त्यावर आहे. सगळ्यांचे फॉर्म एकदमच नेऊन द्या.