मधुमेह आणि लठ्ठपणाच्या जनुकांवर प्रयोगशाळेत करिअर करायचं तर काय शिकावं?

एमएस्सीनंतर या संशोधनात शिरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की येईल, पण नुसतं पिपेट (थेंबाथेंबाने द्रव मोजून घेण्याचं साधन) चालवता येणं पुरत नाही. २००७ मध्ये एफटीओ जनुकातले बदल लठ्ठपणाशी जोडलेले आढळले. २०१५ मध्ये उलगडलं की त्यांचा परिणाम खरं तर दूरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांवर होतो, आणि चरबीच्या पेशी ऊर्जा जाळण्याऐवजी साठवू लागतात. हे शोधायला संख्याशास्त्र, पेशी वाढवण्याचं कसब आणि क्रिस्पर हे जनुकात हवा तो बदल करण्याचं तंत्र, तिन्ही लागलं. म्हणून आर किंवा पायथन ही आकडेवारीच्या विश्लेषणासाठी वापरली जाणारी प्रोग्रॅमिंग भाषा आजच शिकायला घ्या. टेक्निशियनच्या कामाला पीएचडी लागत नाही. स्वतःचा प्रश्न घेऊन लॅब चालवायची असेल तर मात्र पीएचडी आणि पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये केलेलं संशोधन) कराच.